पाचव्या पट्ट्यातला गाळ

खाणीच्या प्रयोगशाळेत तिने इतकी वर्षं चाळण्या हलवल्या की तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं. बाकी सगळ्यांसाठी ती चाळणमावशी. "लोक माणसाला काय काय नावं ठेवतात," ती म्हणायची, "मला एकच ठेवलंय, आणि तेही कामाचं."

काम साधं होतं, पण घाईचं नव्हतं. ड्रिलने जमिनीतून काढलेला ओला नमुना भट्टीत वाळवायचा, ढेकळं फोडायची, चाळायचा, त्याचे सारखे भाग करायचे, एक भाग मैद्यासारखा बारीक दळायचा आणि पाकिटात भरून वर नंबर घालायचा. पुढे यंत्र सांगायचं, कुठला धातू किती आहे. यंत्राचं काय, पुढ्यात येईल ते मोजणार. पाकिटातला गाळ पाकिटावरच्या नंबराचाच आहे की नाही, हे पाहणारं माणूस एकच, आणि ती म्हणजे चाळणमावशी. खाण चालू होती त्या अठरा वर्षांत तिच्या हातून एक पाकीट इकडचं तिकडे झालं नव्हतं.

मग बांध फुटला आणि खाण बंद पडली. चाळणमावशी एका औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची खोकी भरू लागली. तिथे एकोणीस वर्षं गेली. गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याचा नंबर वाढला, आणि आता इथूनच घरी बसायचं, असं तिने मनाशी धरलं असताना गेल्या वर्षी नवी कंपनी आली.

नव्या कंपनीला डोंगर खणायचा नव्हता. तिला हवा होता जुन्या खाणीने टाकून दिलेला गाळ. त्या काळी दगड दळून त्यातलं तांबं तेवढं काढून घ्यायचे आणि उरलेला राखाडी चिखल बांधामागे सोडून द्यायचे. त्या चिखलात आणखीही धातू आहेत, टनामागे मूठभर, पण मोटारी, मोबाइल, पवनचक्क्या त्यांच्याशिवाय चालत नाहीत, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. धातूंची नावं जीभ अडखळेल अशी. निओडिमियम, डिस्प्रोसियम, प्रासिओडिमियम. "हे धातू आहेत की रोग?" असं ड्रिलवाले म्हणायचे. त्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई रसायनशास्त्रातल्या डॉक्टर. झालं, त्यांचं नाव पडलं डॉक्टरबाई, आणि येता-जाता कोणीतरी त्यांच्यासमोर गुडघा पुढे करायचा, "बाई, इथे डिस्प्रोसियम झालंय वाटतं." डॉक्टरबाई तिशीतली, चटपटीत, हसून टाकायची. जुन्या खाणीतली माहीतगार माणसं शोधताना तिनेच चाळणमावशीला हुडकून काढलं होतं. पहिल्या दिवशी ती मावशीला म्हणाली, "यंत्रं माझ्याकडे कोटींची आहेत. विश्वासाचे हात नव्हते."

मावशीने हो म्हणायला चार दिवस घेतले. का, ते डॉक्टरबाईला कळायचं कारण नव्हतं.

बांध फुटला तो सकाळी सव्वाअकराला. मावशी तेव्हा वर, टेकडीवरच्या प्रयोगशाळेत होती. आधी डोंगराने घसा खाकरावा तसा आवाज झाला, मग काचा थरथरल्या. ती खिडकीशी गेली तेव्हा खालची कामगारांची चाळ दिसत नव्हती. चाळीच्या जागी राखाडी, ओलं, हळूहळू सरकणारं काहीतरी होतं आणि त्यावर एक पत्रा तरंगत चालला होता. सदतीस माणसं गेली. तेवीस सापडली. मग गाळ बसला, घट्ट झाला, चार पुरुष खोल. अधिकारी म्हणाले, आता खणणं धोक्याचं आहे. कुंपण घातलं, चौदा नावांचा दगड उभा केला, आणि विषय संपला.

त्या चौदांत मावशीची धाकटी बहीण होती. आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. मावशीनेच तिला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, नर्स केलं. धाकटीला खाणीच्याच दवाखान्यात नोकरी लागली आणि दोघी बहिणी चाळीतल्या एका खोलीत राहू लागल्या. धाकटीची पाळी अकराला सुरू व्हायची. साडेदहाला निघाली की ती वेळेत वर पोचायची.

त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता. मावशीने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आज जायचं नाही."

"ताई, आज ड्रेसिंगला सहाजण यायचेत."

"येऊ देत. तू पांघरूण घेऊन पडून राहा. मी जाता जाता निरोप ठेवते."

आणि तिने खरोखरच निरोप ठेवला. दवाखाना टेकडीवर होता. दवाखान्यातलं एकही माणूस दगावलं नाही.

ही गोष्ट मावशीने कोणाला म्हणजे कोणालाच सांगितली नव्हती. धाकटी घरी कशी, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "ताप होता." ते खोटं नव्हतंच. पण उरलेलं अर्धं वाक्य तिने एकोणीस वर्षं दाताखाली धरून ठेवलं होतं.

कामाला सुरुवात झाली. गाळाचे पाच पट्टे पाडले होते. बांधाजवळचा पहिला, सर्वांत लांबचा पाचवा. चाळ होती ती त्या पाचव्यात. पहिल्या चार पट्ट्यांचे नमुने महिनाभर येत राहिले. मावशीचे हात जुन्या वळणावर आले. डब्याच्या वेळेला ती बाहेरच्या बाकावर बसायची, तेव्हा कुंपणापलीकडे रोज एक म्हातारा उभा दिसायचा. तो खाणीचा ट्रक चालवायचा. त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी त्या चौदांत होत्या. चाळीत तो मावशीच्या दोन दारं पलीकडे राहायचा, ड्रायव्हरदादा.

"ताई," एकदा त्याने कुंपणातूनच विचारलं, "पाचव्याचा नंबर कधी?"

"येईल पुढच्या आठवड्यात."

"त्यात धातू निघू दे." तो हात जोडल्यासारखे करून म्हणाला. "माणसांसाठी कोणी खणलं नाही. किती अर्ज केले, किती उंबरे झिजवले. धातूसाठी तरी खणतील."

मावशीने डब्याचं झाकण लावलं. खणतील, हा विचार तिच्याही मनात आला होता; पण तिच्या अंगावर त्याने काटा येत होता. खणलं म्हणजे खोली उघडणार. खोली उघडली म्हणजे खाट दिसणार. आणि खाटेवर, पांघरुणात, ताईचं ऐकून पडून राहिलेली धाकटी. डोळे मिटले की हेच चित्र दिसायचं. ते प्रत्यक्ष पाहायची वेळ आली तर आपण उभ्या राहू शकू का, हे तिला माहीत नव्हतं. गाळाखाली होतं तोवर ते नक्की नव्हतं. एवढाच तिचा आधार.

पाचव्या पट्ट्याचे बावीस नमुने आले. पिस्तुलासारखं हातात धरायचं एक छोटं यंत्र प्रयोगशाळेत होतं. त्याने कच्चा अंदाज घेता यायचा. मावशीने पहिल्या नमुन्यावर ते टेकवलं. पहिल्या चार पट्ट्यांत टनामागे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम होते. इथे बाराशे. दुसरा नमुना, अकराशे. तिसरा, साडेतेराशे. फुटलेल्या बांधातून जाड रेती जवळच बसली होती आणि सगळ्यांत बारीक गाळ वाहत वाहत चाळीपर्यंत गेला होता. त्या बारीक गाळातच धातू होता.

तिने यंत्र खाली ठेवलं. वहीत आकडे लिहायचे होते, ते लिहिले नाहीत. कोपऱ्यात दुसऱ्या पट्ट्याचा उरलेला माल पोत्यात पडून होता. तिने तो घेतला, चाळला, दळला आणि बावीस पाकिटांत भरून वर पाचव्या पट्ट्याचे नंबर घातले. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचंच तिला मागाहून नवल वाटलं. खरा गाळ मात्र तिला फेकवेना. तिने तो पत्र्याच्या डब्यांत भरला, प्रत्येकावर पेन्सिलीने खरा नंबर लिहिला आणि डबे टेबलाखाली मागे सारले.

आकडे आले तेव्हा डॉक्टरबाई कपाळाला आठ्या घालून बसली. "बारीक गाळ आणि एवढा गरीब? मावशी, नमुने नीट होते ना?"

"हो."

"तुम्ही म्हणता म्हणजे मिटलाच प्रश्न," ती म्हणाली आणि कागदावर सही केली.

मावशी स्वच्छतागृहात गेली, नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

त्यानंतर दोन महिने गेले. पाचवा पट्टा खणायचा नाही असं ठरलं. पण तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. धातू काढून झाल्यावर उरणारा गाळही कुठेतरी टाकायलाच हवा होता, आणि ज्या जमिनीत काही नाही तीच जागा त्यासाठी बरी. पाचव्या पट्ट्यावर नवं तळं बांधायचं, तळाला जाड प्लास्टिक अंथरायचं, वर वीस मीटर गाळ भरायचा. नकाशा भिंतीवर लागला. मावशीने तो खालपासून वरपर्यंत वाचला. आपण झाकून ठेवायला गेलो आणि हे तर कायमचं गाडायला निघाले.

त्या रविवारी ड्रायव्हरदादा तिच्या घरी आला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. दारात चपला काढून बाजूला नीट लावून ठेवल्या, खुर्चीच्या कडेवर बसला. तिने चहा केला.

"खरं सांगा ताई," तो म्हणाला, "काहीच नाही निघालं तिथे?"

चहाचा कप त्याच्या हातात देताना मावशी म्हणाली, "नाही. काही नाही तिथे."

त्याने मान हलवली. कप खाली ठेवला. "मग एक काम करा माझं. तुम्हाला आत जायची परवानगी आहे. नावांच्या दगडापासून पिवळ्या खांबाच्या रोखाने चौसष्ट पावलं चाला. तिथे माझं दार. मी नकाशा काढकाढून बसवलंय. तुमची पावलं जरा लहान, तुम्ही सत्तर धरा. तिथे जरा वेळ उभ्या राहा. तळं व्हायच्या आधी कोणीतरी जाऊन यावं, एवढंच."

"जाईन."

"काही बोलायची गरज नाही. नुसतं उभं राहिलात तरी चालेल."

चहा तसाच ठेवून तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डब्याच्या वेळेला ती गेली. गाळावर खुरटं गवत उगवलं होतं, पायाखाली जमीन टणक. दगडापासून ती मोजत निघाली. चाळिसाव्या पावलावर तिला उगीच वाटलं, इथे नळ होता. पन्नासाव्याला, इथे पायरी. तिच्या हिशेबाने तिचं स्वतःचं दार आणखी थोडं पुढे होतं. तिकडे तिने पाहिलं नाही. सत्तर झाल्यावर ती थांबली. दोन हातांवर तळ्याच्या आखणीची लाल खुंटी ठोकलेली होती. मुलगी सहा वर्षांची होती. धाकटीने टाचणीने, जराही न दुखवता, तिच्या पायातला काटा काढून दिला होता, तेव्हापासून ती आपली बाहुली धाकटीकडे इंजेक्शन द्यायला आणायची. मावशीला हे कित्येक वर्षांत आठवलं नव्हतं. ती तिथे उभी राहिली, आणि मग ऊन सोसेना म्हणून नव्हे, तर उभं राहवेना म्हणून परत फिरली. सरळ डॉक्टरबाईच्या खोलीत गेली.

"बाई, पाचव्याचा गाळ खोटा आहे. मी बदलला."

डॉक्टरबाईला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा पांढरा पडला. "किती पाकिटं?"

"बावीसच्या बावीस. खरा माल टेबलाखाली आहे. डब्यांवर नंबर आहेत."

"का?" आवाज चढला होता. "मावशी, अहो, का? मी तुमच्या शब्दावर सही केली!"

मावशीने सांगितलं. ताप, ड्रेसिंगचे सहाजण, निरोप. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते अर्धं वाक्य तिच्या तोंडून पुरं झालं आणि ती खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली. डॉक्टरबाई खिडकीशी गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज कामाचा होता.

"मला हे झाकता येणार नाही."

"झाका म्हणत नाही मी. खणा."

मावशीला प्रयोगशाळेतून काढलं. डबे दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथून आकडे आले ते पहिल्यापेक्षा चौपट. तळ्याचा नकाशा उतरवला गेला. कंपनीने त्या चौदांच्या घरच्या माणसांना बोलावलं. डॉक्टरबाई उभी राहून म्हणाली, नमुन्यांत चूक झाली होती, पाचवा पट्टा आता खणायचाय. सांगाडे ओळखणारे तज्ज्ञ हजर असतील, माती थरा-थराने काढली जाईल. कोणाचं नाव तिने घेतलं नाही. मावशी मागच्या रांगेत होती. ती उठली.

"चूक नव्हती. मी मुद्दाम केलं."

सगळे वळून पाहू लागले. ड्रायव्हरदादा पुढच्या रांगेत होता. तो सावकाश उठून तिच्यापाशी आला. तिला वाटलं, मारतो की काय. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्ही माझ्या हातात चहा दिलात," तो म्हणाला, "आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंत, काही नाही तिथे."

"हो," ती म्हणाली.

खणायला सुरुवात झाली. यंत्राने वरचे थर काढले, खाली गेल्यावर फावडी, मग खुरपी, मग ब्रश. नातेवाइकांसाठी कडेला एक ताडपत्री बांधली होती. मावशी ताडपत्रीखाली बसत नसे. तिथल्या बायका सरकून जागा करत नव्हत्या आणि तीही मागत नव्हती. ती उन्हात, दोरीच्या टोकाला उभी राहायची.

नवव्या दिवशी ड्रायव्हरदादाची खोली लागली. चौसष्ट पावलांचा त्याचा हिशेब फक्त दीड हाताने चुकला होता. स्वयंपाकाच्या ओट्याखाली दोघी होत्या, मोठीच्या कुशीत लहान. तज्ज्ञाने हात वर केला, सगळं थांबलं. ड्रायव्हरदादा खाली उतरला. कोणी त्याला अडवलं नाही. तो बघत राहिला, मग गळ्यातलं उपरणं काढून म्हणाला, "झाका त्यांना. ऊन लागतंय."

त्यानंतर तीन दिवसांनी खालून आरोळी आली, "इथे कुलूप आहे!"

मावशी दोरी ओलांडून गेली. दार लोखंडी चौकटीचं होतं, म्हणून टिकलं होतं. कडी लावलेली आणि कडीत गंजून लालभडक झालेलं कुलूप. बाहेरून.

तिला एका क्षणात कळलं, पण मन मानेना. "उघडा," ती म्हणाली.

कुलूप कापायला अर्धा तास लागला. आतला गाळ काढायला दोन दिवस. खाट निघाली. खाटेवर कोणी नव्हतं. पायथ्याशी पांघरूण, चौपदरी घडी घातलेलं. नायलॉनचं होतं, म्हणून घडीसकट दगडासारखं झालेलं. भिंतीतल्या कोनाड्यात तापाच्या गोळ्यांची पट्टी होती. दोन गोळ्यांची जागा रिकामी. खुंटीवर गणवेश नव्हता. दारामागे चपला नव्हत्या.

मावशी खाली बसली. तिच्या तोंडून जे निघालं ते हसू होतं की हुंदका, जवळच्या तज्ज्ञ मुलीला कळेना. तिने घाबरून पाण्याची बाटली पुढे केली.

"गोळ्या घेतल्या," मावशी तिला म्हणाली, जणू त्या मुलीने विचारलंच होतं. "ताप उतरायची वाट बघितली. आणि गेली कामाला. तिला ते सहाजण दिसत होते." मग थांबून म्हणाली, "मुळीच ऐकलं नसतं तर साडेदहाला निघाली असती, सव्वाअकराला वर असती. पूर्ण ऐकलं असतं तर इथे असती. माझं निम्मं ऐकलं तिने. बाई गं, निम्मंच ऐकलं."

डॉक्टरबाई कडेला उभी होती. ती खाली आली आणि गाळात, मावशीच्या शेजारी, बसून राहिली.

चाळीपासून टेकडीकडे जाणारा रस्ताही गाळाखालीच होता. तोही खणला. तिथे दोन माणसं सापडली. एक फिटर, एक बाजाराला निघालेली म्हातारी. धाकटी नाही. मावशीने डॉक्टरबाईकडे एकच मागणं मागितलं, की पाचव्याचा गाळ कारखान्यात जाताना ज्या सरकत्या रबरी पट्ट्यावरून जातो तिथे मला उभं करा. काढून टाकलेल्या बाईला परत घेणं सोपं नव्हतं. डॉक्टरबाईने ते कसं जमवलं, तिलाच ठाऊक. सात महिने मावशी त्या रबरी पट्ट्याशी उभी राहिली. गाळातून चमचे आले, सायकलची घंटी आली, दगडी पाटी, बाटल्या, एका कंदिलाची चिमणी न फुटलेली. प्रत्येक वस्तू ती उचलून धुवायची, बाजूला मांडून ठेवायची. ज्याची त्याने ओळखून न्यावी. गणवेशाला पितळी बटणं होती, पाच. ती काही आली नाहीत.

चौदांतली अकरा माणसं निघाली. तीन निघाली नाहीत. गाळाचा लोट तेव्हा नदीपर्यंत गेला होता, आणि नदीने काय काय नेलं याची मोजदाद कोणाकडेच नव्हती.

ड्रायव्हरदादा बायको आणि मुलीला शेवटचं पोचवून, महिनाभरात गाव सोडून भाच्याकडे राहायला गेला. निघण्याआधी तो मावशीला भेटला नाही. ती बसथांब्यापर्यंत गेली होती. लांबूनच त्याला चढताना पाहिलं. त्यानेही तिला पाहिलं असावं. त्याने खिडकीचा पडदा ओढला. ती बस दिसेनाशी होईपर्यंत थांबली आणि मग घरी आली. त्याच्याकडून माफी मिळावी अशी तिची अपेक्षा नव्हती.

पाचवा पट्टा रिकामा झाला. खालची मूळ जमीन लागली, लालसर, ओबडधोबड. रबरी पट्टा थांबला त्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः येऊन म्हणाली, "मावशी, आता घरी जा. आता काही यायचं राहिलं नाही."

एवढ्या वर्षांत मावशीने धाकटीचा मृत्यूचा दाखला काढला नव्हता. पाठोपाठच्या आठवड्यात ती कचेरीत गेली. नंबर आल्यावर खिडकीशी उभी राहिली. कारकून तरुण होता, चष्मा नाकावर घसरलेला, आवाज मऊ.

"मयताशी तुमचं नातं?"

"थोरली बहीण मी."

"मृत्यूचं ठिकाण? इथे जुन्या कागदांत 'राहत्या घरी' लिहिलंय. तेच ठेवू?"

"नाही," मावशी म्हणाली. "घरी नव्हती ती. रस्त्यावर लिहा. दवाखान्याकडे जाताना."

"याला पुरावा काही?"

"दाराला कुलूप होतं."

कारकुनाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. जुनी ओळ सरळ रेघ मारून खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'कामावर जाताना, रस्त्यात.' मग कागद तिच्याकडे वळवून विचारलं, "असं बरोबर आहे?"

मावशीने चष्मा सारखा केला, एकेक अक्षर वाचलं, आणि सहीसाठी पेन मागितलं.